देवळालीच्या मास्तरांची संख्या

कोल्हापूर - दाभोळकर कॉर्नर असो वा बिंदू चौक, सिग्नलला थांबलेल्या वाहनांच्या पाट्यांवर 'एमएच ०९' नंतर येणारे शेवटचे अंक बहुधा चार असतात. त्यांपैकी एखादा क्रमांक मनात धरावा. चारही अंक एकसारखे नसावेत, एवढीच अट. मग ते अंक मोठ्याकडून लहानाकडे लावून एक संख्या करावी, लहानाकडून मोठ्याकडे लावून दुसरी करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा हीच क्रिया करावी. फार तर सात वेळा वजाबाकी करावी लागते आणि आपण ६१७४ या संख्येवर येऊन पोहोचतो. तिच्यावर हीच क्रिया केली, तर ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४ च येतात. वाहन कोणाचेही असो, मुक्कामाचे ठिकाण एकच.

जगभरात 'कापरेकर स्थिरांक' या नावाने ओळखली जाणारी ही संख्या शोधून काढली ती नाशिकजवळच्या देवळालीतील एका शाळामास्तरांनी. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. ना त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी होती, ना विद्यापीठातील खुर्ची, ना संगणक. होती ती पाटी-पेन्सिल, आकडेमोडीची अफाट आवड आणि लोकांच्या हसण्याकडे दुर्लक्ष करण्याची ताकद. आज अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत 'थिअरी ऑफ कम्प्युटेशन' म्हणजेच गणनाचा सिद्धांत शिकताना विद्यार्थ्यांना ज्या कल्पना अवघड वाटतात, त्यांतील कितीतरी कापरेकरांच्या वजाबाकीत सहज सापडतात. म्हणूनच या गणितवेड्या शिक्षकाचे आयुष्य नव्याने समजून घेण्यासारखे आहे.

डहाणू ते देवळाली

कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. ती करता करता वडिलांची ही गोडी मुलामध्ये उतरली. भविष्यावर मुलाचा विश्वास किती बसला, हा भाग वेगळा. पण अंकांशी मैत्री जडली ती कायमची. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना त्यांच्या आईचे निधन झाले आणि पुढे वडिलांनीच त्यांना वाढविले.

शालेय शिक्षण ठाण्यात झाले. कोडी सोडविणे आणि मोठ्या गुणाकार-भागाकारांच्या जवळच्या वाटा शोधणे, यात त्यांचे तासन् तास जात. १९२३ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. केंब्रिजची सीनियर रँग्लर ही मानाची पदवी मिळविणारे पहिले भारतीय म्हणजे र. पु. परांजपे. त्यांच्या नावाने गणितातील स्वतंत्र कामासाठी दिले जाणारे पारितोषिक कापरेकरांना १९२७ मध्ये मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतल्यानंतर ते देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले. औपचारिक शिक्षण तिथेच संपले. १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीतच अध्यापन केले.

देवळाली हे तसे लष्करी छावणीचे गाव. मुंबईच्या किंवा पुण्याच्या गणिती वर्तुळापासून दूर. जवळ मोठे ग्रंथालय नाही, चर्चा करायला सहकारी संशोधक नाहीत. अशा ठिकाणी बसून कापरेकरांनी संख्यांची एकेक जात हुडकून काढली आणि प्रत्येकीचे बारसे केले. त्यांच्या नावांतही घरगुती जिव्हाळा होता. जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकाची आठवण म्हणून त्यांनी एका प्रकाराला 'डेम्लो संख्या' म्हटले. १६५ मध्ये कडेच्या एक आणि पाच यांची बेरीज मधल्या सहाइतकी होते; २५५३ मध्ये दोन आणि तीन मिळून मधला पाच होतो. अशा संख्यांचे हे कुळ. या विषयावर के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा निबंध १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आपल्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हणजे आनंद देणाऱ्या संख्या असे नाव दिले. बारा या संख्येचे अंक एक आणि दोन, बेरीज तीन आणि तीनने बाराला भाग जातो. म्हणून बारा हर्षद. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केल्यावर मूळ संख्या परत मिळते, त्या संख्यांना आज 'कापरेकर संख्या' म्हणतात. ४५ चा वर्ग २०२५. वीस अधिक पंचवीस म्हणजे पंचेचाळीस. ७०३ चा वर्ग ४९४२०९. ४९४ अधिक २०९ म्हणजे पुन्हा ७०३. संख्यांत असा आनंद शोधणाऱ्या या माणसाला लोक 'गणितानंद' म्हणू लागले, यात नवल नाही.

१९४९ ची वजाबाकी

६१७४ चा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रास येथे भरलेल्या गणित परिषदेत जाहीर केला. पुढे पन्नासच्या दशकात तो न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकातही छापून आला. गंमत अशी, की १९४९ हीच संख्या घेऊन पाहिली तर ती ६१७४ पर्यंत पोहोचायला पूर्ण सात पायऱ्या घेते. ९९४१ वजा १४९९ म्हणजे ८४४२. ८४४२ वजा २४४८ म्हणजे ५९९४. ९९५४ वजा ४५९९ म्हणजे ५३५५. ५५५३ वजा ३५५५ म्हणजे १९९८. ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. आणि ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

त्या काळी भारतात संगणक नव्हता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पहिला संगणक आला तो पन्नासच्या दशकाच्या मध्यास. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला 'टिफ्रॅक' कामाला लागला तो १९६० मध्ये. सगळे अंक एकसारखे असलेल्या दहा संख्या वगळल्या तर ०००१ पासून ९९९८ पर्यंत ९९९० संख्या उरतात. आज शाळकरी मुलगाही संगणकावर क्षणार्धात त्या तपासू शकतो. कागदावर एकेक करत बसायचे म्हटले, तर मात्र महिने जातील.

पण तशी गरजच पडत नाही. अंक उतरत्या क्रमाने लावले, की पहिल्या आणि शेवटच्या अंकातील फरक आणि मधल्या दोन अंकांतील फरक, या दोनच गोष्टींवर वजाबाकीचे उत्तर ठरते. पहिल्या फरकाला ९९९ ने आणि दुसऱ्याला ९० ने गुणून बेरीज केली, की उत्तर तयार. ६१७४ चेच पाहा. सात आणि एक यांतील फरक सहा, सहा आणि चार यांतील फरक दोन. सहा गुणिले ९९९ म्हणजे ५९९४, दोन गुणिले ९० म्हणजे १८०, बेरीज ६१७४. पहिला फरक एक ते नऊ यांपैकी असतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. म्हणून अशा जोड्या होतात अवघ्या ५४. म्हणजे जवळपास दहा हजार संख्यांची गर्दी एका वजाबाकीनंतर ५४ दारांतून आत शिरते. ही ५४ दारे एका संध्याकाळी हातानेही तपासता येतात.

यंत्र, स्थिती आणि मुक्काम

गणनाच्या सिद्धांताची सुरुवात इथूनच करता येते. या शास्त्रात यंत्र म्हणजे लोखंडाची वस्तू नव्हे. ज्याच्या काही ठरावीक स्थिती आहेत आणि एका स्थितीतून पुढच्या स्थितीत कसे जायचे याचा नेमका नियम आहे, ते यंत्र. कापरेकरांच्या वजाबाकीत प्रत्येक चार अंकी संख्या ही एक स्थिती आणि वजाबाकी हा नियम. नियम असा, की प्रत्येक स्थितीतून एकाच ठिकाणी जाता येते. निवडीला वाव नाही. स्थितींची संख्याही मर्यादित. अशा यंत्रांचा पद्धतशीर अभ्यास मायकल राबिन आणि डॅना स्कॉट यांनी १९५९ मधील एका निबंधात मांडला आणि त्याबद्दल दोघांना १९७६ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मर्यादित स्थितींच्या अशा यंत्राविषयी एक गोष्ट हिशेब न करताही सांगता येते. ते चालतच राहिले, तर केव्हा तरी आधी येऊन गेलेल्या स्थितीत परत येणारच, कारण नव्या स्थिती कधीतरी संपतात. आणि एकदा जुनी स्थिती आली, की पुढचा सगळा प्रवास पुन्हा तोच. म्हणजे शेवटी एक तर ते एका जागी थांबते किंवा वर्तुळात फिरत राहते. चार अंकांचे यंत्र थांबते. तीन अंकांचेही थांबते, ४९५ वर. पण दोन अंकांचे यंत्र थांबत नाही. ते ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असे फिरत राहते. पाच अंकी संख्यांना तर मुक्कामच नाही. तिथे फक्त वर्तुळे आहेत. ५३९५५ मधून ५९९९४ येतात आणि ५९९९४ मधून पुन्हा ५३९५५. ६१७४ चे महत्त्व कळते ते या तुलनेत. वर्तुळ किंवा थांबा मिळणार, हे अटळ होते. पण दहा हजार वाटा एकाच थांब्याला मिळतात, हे अटळ नव्हते. ते कोणीतरी शोधावे लागले.

याच वजाबाकीत आणखी एक धडा दडलेला आहे. २१११ ही संख्या घेतली तर २१११ वजा १११२ म्हणजे ९९९ येतात. इथे तीनच अंक आहेत असे समजून पुढे गेलो, तर ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य आणि सगळा खेळ खलास. पण पुढचे शून्य सांभाळून ०९९९ असे लिहिले, तर गाडी पुन्हा रुळावर येते आणि ६१७४ ला पोहोचते. किमतीच्या दृष्टीने ९९९ आणि ०९९९ एकच. चिन्हांची ओळ म्हणून मात्र त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. औपचारिक भाषांच्या अभ्यासात हाच पहिला धडा असतो. तिथे दहा अंक म्हणजे एक वर्णमाला, चार अंकांची ओळ म्हणजे एक शब्द आणि यंत्र वाचते ते शब्द. त्यामागची किंमत त्याला ठाऊक नसते.

हसणारे आणि हसू सोसणारे

कापरेकरांची उपेक्षा झाली तीही नेमकी याच मुद्द्यावर. त्या काळातील अनेक भारतीय गणितज्ञांना त्यांचे काम पोरखेळ वाटे. त्यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. ६१७४ चा गुण हा त्या संख्येचा जितका, तितकाच आपल्या दशमान लेखनपद्धतीचा. संख्या लिहिण्याची पद्धत बदलली, की ६१७४ चा मान जातो. मूळ संख्या दोनने विभाज्य आहे की नाही, ती मूळ आहे की संयुक्त, या गोष्टी लेखनपद्धत बदलली तरी बदलत नाहीत. म्हणून त्या खऱ्या गणिताच्या, अशी ही भूमिका. रामानुजन यांना जगापुढे आणणारे केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनीही १९४० मधील आपल्या प्रसिद्ध पुस्तकात अंकांच्या उलटापालटीतून निघणाऱ्या अशाच काही गमतींची उदाहरणे देऊन त्यांत गणितज्ञाला रस वाटावा असे काही नाही, असा निर्वाळा दिला होता.

त्याचा परिणाम कापरेकरांना भोगावा लागला. त्यांचे काही लेख नियतकालिकांत आले, पण ती बहुतेक दुय्यम मानली जाणारी होती. बरेचसे लेखन त्यांना स्वखर्चाने पुस्तिकांच्या रूपात छापावे लागले. त्या पुस्तिकांवर प्रकाशक म्हणून लेखकाचेच नाव आणि देवळालीचा पत्ता असे. शाळामास्तरांच्या पगारातून छपाईची बिले भागवून काढलेल्या त्या चोपड्या किती जणांनी उघडून पाहिल्या असतील? तरीही त्यांनी लिहिणे थांबविले नाही. विद्यार्थ्यांमध्ये ते लोकप्रिय होते आणि आसपासच्या महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानांसाठी बोलावणे येई. विद्वानांनी नाकारलेल्या माणसाला श्रोते मिळाले ते वर्गातल्या बाकांवर.

इथे एक विचार मनात येतो. ज्या कारणासाठी या कामाला हलके मानले गेले, तेच कारण गणनाच्या शास्त्रात हलके राहत नाही. यंत्राला संख्येचे अंतरंग दिसत नाही. त्याला दिसतात ती फक्त चिन्हे आणि ती कशी हलवायची याचे नियम. चिन्हांच्या ओळीवर साधा नियम पुन्हा पुन्हा चालविला तर काय होते, हाच तर त्या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे. कापरेकर हा प्रश्न आयुष्यभर विचारत राहिले. त्यांनी यंत्रांचा सिद्धांत मांडला नाही, तसा त्यांचा दावाही नव्हता आणि त्यांच्या नावावर तो खपविणे अन्यायाचे होईल. पण त्यांच्या वहीतील प्रश्न चुकीचे नव्हते. ते वेगळ्या शास्त्राचे होते आणि ते शास्त्र त्यांच्याच हयातीत आकार घेत होते.

मूळ नसलेल्या संख्या

त्यांच्या आणखी एका शोधावरून हे अधिक स्पष्ट होते. कोणतीही संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. पंधरा घेतले तर एक अधिक पाच म्हणजे सहा. पंधरा अधिक सहा म्हणजे एकवीस. म्हणजे एकवीसचा जनक पंधरा. काही संख्यांना दोन जनक असतात. ९१ अधिक दहा म्हणजे १०१ आणि १०० अधिक एक म्हणजेही १०१. पण वीस या संख्येला जनकच नाही. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून वीस येत नाहीत. अशा संख्यांना कापरेकरांनी 'स्वयंभू' म्हटले; त्यांना देवळाली संख्या असेही नाव आहे. एक, तीन, पाच, सात, नऊ, वीस, एकतीस, बेचाळीस अशी त्यांची रांग सुरू होते आणि ती कधीच संपत नाही. त्यांच्यावरील पुस्तिका कापरेकरांनी निवृत्तीनंतरच्या वर्षी, १९६३ मध्ये, देवळालीहूनच प्रसिद्ध केली. पुढे हीच कल्पना परदेशात स्वतंत्रपणे मांडली गेली आणि तिथे या संख्यांना 'कोलंबियन' असे दुसरे नाव पडले.

एखादी संख्या स्वयंभू आहे की नाही, हे नक्की सांगता येते का? येते. चार अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ३६ पेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणून चार अंकी संख्येचा जनक शोधायचा तर तिच्या मागच्या ३६ संख्या तपासल्या की पुरे. त्यांत सापडला तर सापडला, नाही तर ती स्वयंभू. संख्या कितीही मोठी असली तरी तपास केव्हातरी संपतो आणि हो किंवा नाही असे उत्तर मिळते. अशा प्रश्नांना या शास्त्रात 'निर्णेय' प्रश्न म्हणतात.

सगळेच प्रश्न असे नसतात, हे १९३६ मध्ये ॲलन ट्युरिंग या चोवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाने सिद्ध केले. त्याने कागदाच्या अमर्याद पट्टीवर चिन्हे वाचणारे व लिहिणारे एक काल्पनिक यंत्र मांडले. त्यातून असा निष्कर्ष निघाला, की कोणतेही असे यंत्र आणि त्याला दिलेली माहिती पाहून ते केव्हातरी थांबेल की अखंड चालत राहील, हे दरवेळी अचूक सांगणारी एकच पद्धत असू शकत नाही. कापरेकरांच्या यंत्राला हा निष्कर्ष लागू होत नाही, कारण तिथे स्थिती मर्यादित आहेत. पट्टी अमर्याद झाली, की मात्र भरवसा सुटतो.

याचे सोपे उदाहरण म्हणजे जर्मन गणितज्ञ लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा आणि हेच पुढे करत राहा. कोणत्याही संख्येपासून निघाले तरी शेवटी एकच येतो, असे दिसते. पण दिसते, एवढेच. इथे संख्या हवी तेवढी वाढू शकते, ५४ दारांची सोय नाही. म्हणून हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्याच्याच व्यापक रूपाला सर्वसाधारण उत्तरपद्धती असू शकत नाही, हे जॉन कॉनवे यांनी १९७२ मध्ये दाखविले. अंकांचा खेळ म्हणून ज्याकडे पाहिले गेले, त्याच्या वेशीवर शास्त्राची हद्द उभी होती, ती अशी.

योगायोग असा, की ट्युरिंग यांचे वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी होते आणि कापरेकरांनी आपली संख्या जाहीर केली तीही मद्रासलाच. त्यापलीकडे या दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता. एकाच्या पाठीशी केंब्रिज होते. दुसऱ्याच्या पाठीशी देवळालीची शाळा.

उशिरा आलेली कीर्ती

१९६२ मध्ये कापरेकर निवृत्त झाले. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली तेही हेच वर्ष. १९६६ मध्ये त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेसे नव्हते. साठी ओलांडलेल्या या गणितज्ञाला पोटासाठी गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. ज्या माणसाच्या नावाने पुढे जगातील गणिताच्या पुस्तकांत संख्या ओळखल्या जाणार होत्या, तो त्या वर्षांत मुलांकडून दहावी-अकरावीची उदाहरणे सोडवून घेत होता. शिकविणे हे त्यांना कमीपणाचे वाटत नसावे, कारण आयुष्यभर त्यांनी तेच केले होते. पण ती निवड नव्हती, ती गरज होती, हे विसरता येत नाही.

मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील गणिती मनोरंजनाच्या आपल्या लोकप्रिय सदरात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्यांविषयी लिहिले. जगभरातील वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन ६१७४ पर्यंतचा प्रवास करून पाहिला. घराघरांत संगणक येऊ लागले तसे अनेकांनी आपल्या पहिल्यावहिल्या प्रोग्रॅमसाठी कापरेकरांची वजाबाकी निवडली. देवळालीचे नाव परदेशी गणितज्ञांच्या लेखांत येऊ लागले. त्या वेळी कापरेकर सत्तर वर्षांचे होते. कौतुक सातासमुद्रापलीकडून आले, तेव्हा आपल्याकडेही त्यांची दखल घेतली जाऊ लागली. आपल्या समाजाची ही जुनीच सवय.

१९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे जन्मवर्ष १९०५ घेऊन वजाबाकी केली तर पहिल्या पायरीवर ९३५१ आणि दुसऱ्या पायरीवर ८१७२ येतात. मृत्युवर्ष १९८६ घेतले तर पहिल्याच पायरीवर ८१७२ येतात. तिथून पुढे ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशी दोन्ही वर्षांची वाट एकच होते. ८१७२ वर उभे राहून मागे पाहिले, तर आपण कोठून आलो हे सांगता येत नाही. पुढे कोठे जाणार हे मात्र निश्चित सांगता येते. यात काही गूढ शोधू नये. ज्योतिषी वडिलांच्या या मुलाने आयुष्यभर अंकांकडे पाहिले ते नशीब वाचण्यासाठी नव्हे, तर त्यांचे नियम वाचण्यासाठी.

आज कोल्हापूर परिसरातील कितीतरी शाळांत असे शिक्षक असतील, जे तास संपल्यावरही फळ्यावरचे उदाहरण मनात घोळवत घरी जातात. त्यांच्यापाशी डॉक्टरेट नसेल, शोधनिबंधांची यादी नसेल. त्यांच्या वहीत काय आहे, हे कधीतरी उघडून पाहण्याची तसदी घ्यायला हवी. त्यातील प्रत्येक गोष्ट थोर निघेलच असे नाही; कापरेकरांचीही निघाली नाही. पण देवळालीच्या मास्तरांची वही त्यांच्या ऐन उमेदीत कोणी आस्थेने उघडली असती, तर सत्तरीपर्यंत वाट पाहण्याची वेळ त्यांच्यावर आली नसती. पुढच्या वेळी सिग्नलला थांबाल, तेव्हा समोरच्या पाटीवरचे चार अंक जरूर पाहा. लाल दिवा हिरवा होण्याआधी दोन-तीन वजाबाक्या सहज होतात आणि पुढच्या चौकापर्यंत ६१७४ गाठता येते.